वरच्या खोलीतली पाहुणी

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती घराच्या तळमजल्यावर बसून त्यावरून कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतोय का बघायचं, मग घासून गुळगुळीत करायचं. तीस वर्षं हेच काम. लग्न केलं नाही. भाऊ मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्यामुळे घरात मुख्यतः दोघीच, ती आणि वहिनी. आणि शेठ.

शेठ म्हणजे अजगर. लहान जातीचा, चार फुटांचा, तपकिरी अंगावर पिवळट ठिपके असलेला. दिवसभर लोळायचं, पंधरा दिवसांतून एकदा जेवायचं आणि कुणाशी एक शब्द बोलायचं नाही, म्हणून वहिनीनंच त्याचं नाव शेठ ठेवलं होतं. अकरा वर्षं तो कवळीताईच्या टेबलाशेजारच्या काचेच्या पेटीत राहत होता. वहिनीनं त्याला कधी हात लावला नाही, पण जाता-येता "काय शेठ, बरं आहे ना?" एवढं विचारायची.

मग एक दिवस कवळीताई दुसरा अजगर घेऊन आली. चाव्या-कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे चार होते. त्यांचे गुडघे गेले, वाकून पेट्या साफ करणं जमेना, म्हणून त्यांनी तीन जणांना एकेक देऊन टाकला. कवळीताईला मिळाली ती मादी होती, अंगानं भरलेली, शांत.

"शेठच्या शेजारी ठेवते. त्यालाही सोबत होईल," कवळीताई म्हणाली.

"वन्सं!" वहिनी म्हणाली. एरवी ती ताई म्हणायची. 'वन्सं' निघालं की समजायचं, आता माघार नाही. "त्याला सोबत हवीय असं तो म्हणाला का तुम्हाला? ती वर जाईल. इस्त्रीच्या खोलीत."

वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला होती. मळक्या चादरींची गाडी एका दारानं आत, धुतलेल्यांची दुसऱ्या दारानं बाहेर, आणि दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या तर तिथे भांडण ठरलेलं. नवीन कुणी आलं की आधी वेगळं ठेवायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं वरच्या खोलीसाठी वेगळी बादली, वेगळं फडकं, वेगळा चिमटा काढून दिला. आधी शेठचं करायचं, मग वरचीचं. वरून खाली आलं की हात धुवून कपडे बदलायचे.

"किती दिवस?"

"तीन महिने तरी. तोवर ती पाहुणी."

नाव पडलं ते पडलंच. कवळीताईला हा सगळा अतिशहाणपणा वाटायचा, पण वहिनीशी वाद घालण्यापेक्षा जिने चढणं सोपं होतं. फक्त एकदा, वहिनी इस्पितळात असताना, तिनं कंटाळून दोघांची पाण्याची भांडी एकाच घमेल्यात धुतली आणि शेजारी शेजारी वाळत ठेवली.

त्यानंतर पाच आठवड्यांनी कुलूपवाल्यांचा फोन आला.

"बाई, वाईट बातमी आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे राहिलेला तो तोंड उघडं टाकून श्वास घेतोय. नाकाशी बुडबुडे येतात. डॉक्टरांनी तपासलं. श्वासाचा संसर्ग आहे, एका सापाकडून दुसऱ्याला होणारा. औषध नाही म्हणतात. चौघं एकाच खोलीत वाढलेत. तुमच्याकडचीलाही असू शकतो."

कवळीताईनं आधी शेठच्या पेटीकडे पाहिलं. मग राग आला. "असं कसं तुम्ही न तपासता देऊन टाकलंत? माझा अकरा वर्षांचा जीव आहे घरात!"

ते पलीकडून म्हणाले, "चुकलं माझं. तपासूनच द्यायला हवं होतं. दिसायला चांगले होते, म्हणून मनातच आलं नाही. तुम्ही दोघांचीही तपासणी करून घ्या, आणि तिला परत द्यायचं असेल तर मी येऊन नेतो."

तिनं उत्तर न देता फोन ठेवला. वहिनी दारात उभी होती.

"मोठ्यानं बोललात तुम्ही त्यांना," ती म्हणाली.

"मग काय आरती ओवाळू?"

"त्यांनी फोनच केला नसता तर? आपल्याला कुठून कळलं असतं?"

 कवळीताईच्या डोळ्यांसमोर ते घमेलं होतं.

सापांवर उपचार करणारी डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तरुण, केस घट्ट बांधलेले, बोलण्यात घाई नाही. तिनं फोनवरच सांगितलं होतं की दोघांना एका दिवशी आणू नका. म्हणून आधी शेठ आणि दोन दिवसांनी पाहुणी. सापाला धरायला दुसरं माणूस लागतं, आणि दुसरं माणूस म्हणजे घरात वहिनीच. तिनं हातमोजे चढवले, डोळे मिटले, आणि शेठला मधोमध धरलं. एक डोळा किलकिला करून म्हणाली, "अगंबाई, हा कोरडा आहे की! मला वाटायचं बुळबुळीत असेल."

डॉक्टरनं मऊ पट्टीनं शेठचं तोंड हलकेच उघडलं आणि कापूस लावलेली काडी टाळूवरून, मग घशाच्या कडेनं फिरवली. कवळीताई वाकून बघायला लागली. वर दातांच्या चार रांगा, खाली दोन, सगळे मागे वळलेले.

"ह्याची कवळी करायची तर मला सहा महिने लागतील," ती म्हणाली, आणि फोन आल्यापासून पहिल्यांदा हसली.

डॉक्टर काडी नळीत बंद करत म्हणाली, "हा विषाणू माणसांना लागतो असं आढळलेलं नाही. पण सापांत तो लाळेतून, भांड्यांतून, आपल्या हातांतूनही जातो. काही साप वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतात आणि तरी दुसऱ्यांना देतात. म्हणून नुसतं बघून कळत नाही, तपासावंच लागतं. आणि एकदा 'नाही' आलं म्हणून थांबायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा."

भांड्यांतूनही. तो शब्द कवळीताईच्या डोक्यातून जाईना.

निकालाला नऊ दिवस लागणार होते. त्या नऊ दिवसांत तिनं एका वकिलांच्या कवळीत दोन सुळे उलट बसवले आणि सगळं मेण वितळवून पुन्हा पहिल्यापासून केलं. रोज सकाळी शेठच्या पेटीला कान लावून ती त्याचा श्वास ऐकायची. घरघर नव्हती. पण डॉक्टरचं बोलणं आठवायचं, की न दिसताही असू शकतं. वहिनीला सांगावं असं दहादा वाटलं आणि दहादा जीभ अडली. जिनं एवढं बजावून सांगितलं होतं, तिला काय तोंड दाखवायचं?

दहाव्या दिवशी, दुपारी, डॉक्टरचा फोन आला. वहिनी नुकतीच कामावरून येऊन चपला काढत होती.

पाहुणीला संसर्ग होता. शेठला नव्हता.

कवळीताई खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. "माझ्यामुळे गेला असता गं तो. मी एकदा दोघांची भांडी एकत्र धुतली होती. तू कामावर असताना."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली.

"काय?"

"घरी आले तर दोन्ही भांडी एका फळीवर. घमेलं ओलं. मी भांडी, घमेलं, फळी, सगळं इस्पितळात वापरतो त्या औषधानं धुऊन काढलं, उन्हात टाकलं, आणि शेठच्या पेटीत दुसरंच भांडं ठेवलं. तुमच्या लक्षातही आलं नाही, त्याचा रंग वेगळा आहे ते."

कवळीताईनं पेटीकडे पाहिलं. भांडं निळं होतं. पूर्वी हिरवट होतं, खरंच.

"बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं? मनाला लागलं असतं तुमच्या. आणि त्यानंतर तुम्ही तसं कधी केलं नाहीत. तुम्ही त्याच काळजीत झुरताय हे मला काय ठाऊक? मला वाटलं, वकिलांचे सुळे छळतायत."

कवळीताई उठली आणि तिनं वहिनीला घट्ट मिठी मारली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वहिनी अवघडून उभी राहिली, मग तिच्या पाठीवर दोन थापट्या मारून म्हणाली, "पुरे आता. त्या बिचाऱ्या माणसाला फोन करा."

कुलूपवाले दुसऱ्याच दिवशी आले. दोन बस बदलून, काठी टेकत. पायरीवरच म्हणाले, "मी तुमचा गुन्हेगार आहे."

"आधी आत या," कवळीताई म्हणाली. "गुन्हेगार असता तर गप्प बसला असता. तुम्ही फोन केलात म्हणून आम्हाला कळलं. त्या दिवशी मी वेड्यासारखी ओरडले, त्याबद्दल माफ करा."

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. चहा पिताना त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. साप नेलेल्या बाकीच्या दोघांपैकी एकानं फोन उचलला नाही, म्हणून ते त्याच्या घरी गेले. त्यानं दारातूनच शिव्या घातल्या, पण चार दिवसांनी तपासणी मात्र करून घेतली. दुसऱ्या घरी कॉलेजात शिकणारी मुलगी होती. तिच्याकडे एकच साप, तो आजारी असला तरी ती त्याला सांभाळणार म्हणाली.

बोलताना त्यांच्या वरच्या कवळीचा टकटक आवाज येत होता, आणि बिस्किट ते बुडवून बुडवून मऊ करून खात होते. कवळीताईच्या कानाला ते सहन होईना. तिनं त्यांना आपल्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे माप द्यायला पाठवलं, आणि त्या महिन्यात बनवलेल्या कवळ्यांतली सर्वांत चांगली कवळी त्यांच्यासाठी बनवली. त्यांनी नको नको म्हणताच वहिनी म्हणाली, "घ्या हो. वन्सं आभार मानायला शिकतायत, मोडता घालू नका."

पाहुणीचं काय करायचं, हे डॉक्टरला विचारून ठरलं. शेठ ज्या घरात आहे तिथे तिला जन्मभर वर कोंडून ठेवण्यापेक्षा, कुलूपवाल्यांचा आजारी साप आहे तिथेच तिनं जावं. त्या घरात आता नवीन साप येणार नाही, आणि तिथला कुठे जाणार नाही. उरला प्रश्न गुडघ्यांचा. तो वहिनीनं सोडवला. एकाआड एक रविवारी दोघी तिथे जायला लागल्या. कवळीताई पेट्या धुते, वहिनी पाहुणीला हातात धरून उभी राहते, आता डोळे उघडे ठेवून. तिथले कपडे तिथेच एका पिशवीत ठेवलेले. घरी आल्यावर आंघोळ, आणि मगच शेठ.

कुलूपवाल्यांचा तो जुना साप थंडीत गेला.  पाहुणी मात्र अजून जेवते, कात टाकते. तिचा श्वास कधी कधी जड होतो. डॉक्टर म्हणते, जेवढे दिवस चांगले आहेत तेवढे चांगले.

शेठच्या तिसऱ्या तपासणीतही 'नाही'च आलं. निकाल ऐकून कवळीताईनं तीन फोन केले. पहिला जहाजावरच्या भावाला, तो लागलाच नाही. दुसरा कुलूपवाल्यांना. "देवा रे," असं म्हणून ते हसले. आता त्यांचं बोलणं अगदी स्वच्छ येत होतं.

तिसरा इस्पितळाच्या धुलाई विभागात. यंत्रांच्या घरघरीत वहिनीचा आवाज आला, "काय झालं? शेठ बरा आहे ना?"

"बरा आहे," कवळीताई म्हणाली. "तुला सांगायचं होतं, तुझ्यामुळे."

"ऐकू येत नाहीये!" वहिनी ओरडली. "मोठ्यानं बोला!"

आणि कवळीताईनं ते पुन्हा, मोठ्यानं, गल्लीतल्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.