मध्ये बोलू नका

मी समुद्राच्या तळाशी पडलेली टेलिफोनची केबल बोलतेय. ऐकायचं असेल तर मध्ये बोलू नका. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात तांबं, त्यावर जाड प्लॅस्टिक, वरून पोलादी तारांचा वेढा. जहाजाच्या हौदात माणसं गोल गोल फिरत मला पायाशी वेटोळी घालून ठेवायची. चक्कर आली की एकमेकांना शिव्या द्यायची, हसायची. माणसांचे हात मला लागले ते तेवढेच. मग जहाज निघालं आणि मला मागच्या बाजूने पाण्यात सोडत गेलं. वरचा उजेड हिरवा झाला, निळा झाला, संपला.

उद्घाटनाला दोन देशांतली बडी मंडळी दोन टोकांना बसली. एवढी भाषणं ठोकून पहिला संवाद काय, तर "आवाज येतोय का?" "येतोय, येतोय. आणि माझा?" टाळ्या. मला तिथे खाली कसं वाटतंय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मासेसुद्धा ढुंकून बघत नाहीत. रोज सकाळी मात्र दोन्ही किनाऱ्यांवरचे तंत्रज्ञ मला तपासायला तेच बोलायचे. "आवाज येतोय?" "येतोय." त्यावर माझा दिवस उजाडायचा. इथे दुसरं काही उजाडत नाही.

आता पेटीचं सांगते. लांबच्या फोनवर आपलाच आवाज घुमून परत येतो. तो येऊ नये म्हणून दोन्ही किनाऱ्यांवर एकेक पेटी होती. एक माणूस बोलू लागला की पेटी समोरच्याची वाट बंद करायची. तो थांबला की उघडायची. म्हणजे आपण बोलावं आणि मग गप्प बसावं. पण गप्प बसणं वडीलधाऱ्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

कुलूपवाला त्यातला अव्वल. बाजारात कुलपं दुरुस्त करायचा. दर रविवारी बायकोला घेऊन टेलिफोन ऑफिसात यायचा आणि पलीकडच्या देशातल्या मुलीला फोन लावायचा. मुलगी कॉलेज अर्धवट सोडून, बापाशी भांडून गेलेली, तिकडे बेकरीत कामाला. देश लांब, म्हणून हा बेंबीच्या देठापासून ओरडायचा.

"काका, हळू बोला, आणि जरा थांबत चला," ऑपरेटरबाई सांगायची. "तुम्ही बोलत असताना तिचं काही येत नाही."

"ताई, मी बाप आहे तिचा. मला बोलायला शिकवू नका."

"निदान मला दोन शब्द बोलू द्या," बायको म्हणायची.

"थांब गं, मिनिटं संपतील. हॅलो! कामावर वेळेवर जातेस ना? आम्ही मजेत आहोत! तिथेच नीट राहा! हौसेने गेलीस ना, मग आता निभाव!"

नेमकं त्याच वेळी ती काहीतरी विचारायची. पेटी तिचा आवाज अडवायची. त्याने श्वास घेतला की एखादा तुकडा माझ्यात शिरायचा. एका रविवारी 'बाबा, मी'. नंतर कधीतरी 'परत'. मग बऱ्याच दिवसांनी 'येऊ का'. मला इथे दुसरा उद्योग नाही. जोडत बसले.

बाबा, मी परत येऊ का?

आणि तिच्या कानावर काय पडायचं? तिथेच नीट राहा. तिला वाटलं, हेच उत्तर. तो मात्र फोन ठेवता ठेवता बायकोला सांगायचा, "बघ, तोंडातून शब्द काढत नाही. मिजास आहे तशीच!" तेही मी मुकाट्याने पोचवलं. संताप व्हायचा. वाटायचं, इथेच तुटावं. पण केबलला तेही आपल्या मर्जीने जमत नाही.

हळूहळू तिचे तुकडेही येईनासे झाले. मग एकदा, तो खोकायला थांबला तेवढ्यात, ती म्हणाली, "मी ही खोली सोडतेय. पुढच्या रविवारनंतर इथे फोन करू नका."

पुढच्या रविवारी कुलूपवाल्याचा घसा बसलेला. ओरडून ओरडूनच बसला असणार. रिसीव्हर आईने घेतला.

"मी बोलतेय," एवढंच म्हणाली आणि थांबली.

"मिनिटं जातायत, बोल ना!" शेजारून घोगरा आवाज.

"तुम्ही गप्प बसा हो!" आणि पुन्हा थांबली.

वाट उघडी राहिली. आधी श्वास आला, मग हुंदका, मग अख्खं वाक्य. "आई, मी परत येऊ का?"

"अगं, हे काय विचारणं झालं? ये!" मग बाजूला वळून, "ती विचारतेय, परत येऊ का म्हणून."

रिसीव्हर बापाकडे गेला. त्याचा घसा नुसता खरवडत होता. "मग... आधी नाही विचारायचं?"

"दर रविवारी विचारलं, बाबा."

तो गप्प बसला. तेवढं चांगलं बोलणं त्याच्याकडून मी कधी ऐकलं नव्हतं.

ती घरी पोचली असणार, कारण तिचा आवाज पुन्हा माझ्यातून गेला नाही. माझं हे असंच. माणसं जवळ आली की मला विसरतात.

पुढे काचेच्या तंतूंची नवी केबल आली. ऐन उमेदीत शाळेतून नाव काढावं तसं मला कामावरून काढलं. दोन्ही किनाऱ्यांवरची टोकं कापली. मधली मी इथेच. न्यायला कुणी आलं नाही.

तुमचं कुणी लांब असेल तर फोन करा. हवं तेवढं बोला, पण मग थांबा.

मीही अधूनमधून विचारते, आवाज येतोय का? आणि गप्प राहते. कुणी उत्तर दिलंच, तर त्याची वाट उघडी असू दे.