काटा खालीच ठेवलेला

न्याराद्झोला मोठ्या आकड्यांचा भारी सोस. आईचं गाणं घरीच रेकॉर्ड करायचं, तर आवाज सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार वेळा टिपायचा, असं तिनं काल ठरवलं. जुना लॅपटॉप बिचारा तेवढं कुठून पेलणार? गाणं संपलं आणि हाती आली नुसती तडतड.

आईचा घसा हल्ली दिवसातून एकदाच साथ द्यायचा. सोमवारी त्यावर ऑपरेशन होतं. पुढे गाता येईल का, याची डॉक्टर हमी देत नव्हते. उरला होता तो आजचा रविवार.

न्याराद्झोनं मुकाट्यानं अठ्ठेचाळीस हजार निवडले. बिट मात्र चोवीस ठेवले, आणि आवाज टिपण्याची पातळी मुद्दाम कमी; ती दाखवणारा काटा तळालाच हलत होता. खिडकीवर ब्लँकेट टांगलं, कोंबड्या हाकलल्या.

"काटा एवढा खाली?" आत्यानं लॅपटॉपच्या पडद्यात डोकं घातलं. "वहिनीचा आवाज मुंगीला तरी ऐकू येईल का?"

"चोवीस बिटांत बारीक आवाजही स्वच्छ उतरतो, आत्या. मागाहून वाढवता येतो. वर जाऊन फुटला, तर मात्र गेला. तू फक्त गप्प बस."

"मी? मी कधी बोलते का?"

आई हसली. "वन्सं, तोंडावर हात ठेवा."

आईनं मका कांडतानाचं गाणं धरलं. आवाज दोऱ्याएवढा, पण सरळ. शेवटी तिनं एक कडवं घेतलं, जे बाबा गेल्यापासून तिनं कधीच म्हटलं नव्हतं. त्यात बाबांच्या कुळाचं नाव होतं, शुंबा, म्हणजे सिंह.

कुळाचं नाव गायलं जावं आणि कुळाची लेक गप्प राहावी, असं या चिटुंगविझा शहरात होत नाही. आत्याचा हात तोंडावरून उडाला आणि जीभ नाचवत तिनं अशी किलकारी ठोकली की काटा उसळून वर गेला.

गाणं संपलं. "वाटोळं केलं गं मी!" आत्या रडायलाच लागली.

न्याराद्झो पडद्याकडे वाकली. तिनं पाहिलं: काटा जिथवर चढला होता ती खूण, आवाज फुटतो त्या लाल रेघेच्या बोटभर अलीकडेच होती. काहीच फुटलं नव्हतं. आईचा आवाज, बाबांचं नाव, आत्याची किलकारी, सगळं जिथल्या तिथे.

"किलकारी थोडी दाबता येईल," ती म्हणाली.

आईचा घसा बसला होता. ती कुजबुजली, "तुझे बाबा फाटकातून आत आले की वन्सं अशाच ओरडायच्या. राहू दे."

न्याराद्झोनं हेडफोन आईच्या कानांवर नीट बसवले आणि तेवढंच कडवं, किलकारीसकट, पुन्हा लावलं.