केमिस्टचा पेला

केमिस्टने परीक्षानळीतल्या पाण्यात रसायनाचे दोन थेंब टाकले आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी पिवळे व्हायला हवे होते. ते होते तसेच राहिले. त्याने दुसरी नळी भरली. तीही तशीच. क्लोरिन सोडणारा पंप बंद पडला होता.

"मंडळी आली," इंजिनिअरसाहेब दारातूनच म्हणाले.

"साहेब, आज नको. क्लोरिन शून्य आहे."

"एका पेल्याने कोण मरतंय? वस्तीने आज सही केली नाही, तर योजना गुंडाळली म्हणून समजा. मग बसा सगळे टँकरच्या नावाने बोटं मोडत."

साहेबांचे म्हणणे खोटे नव्हते. तलावाने तळ गाठला होता. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा नळाला सोडायचे, एवढाच मार्ग शहरापुढे उरला होता. पाहण्यास येणाऱ्यांसमोर त्या पाण्याचा पेला केमिस्टने स्वतः प्यायचा, हा शुद्धीकरण केंद्राचा शिरस्ता. चार वर्षांत त्याने तो एकदाही मोडला नव्हता.

वस्तीतून आलेल्या बायकांच्या पुढे त्याची थोरली बहीण होती. वस्ती तिच्या शब्दाबाहेर नव्हती, तोही नव्हता.

"काय रे, गटार पिऊन पिऊन चांगलाच उजळलास की!"

बायका खळखळून हसल्या. तोही हसला आणि पेला एका दमात रिकामा केला. साहेबांनी घाईने कागद पुढे सरकवला.

ताईने पेन उचलले, पुन्हा खाली ठेवले.

"उद्या लेकरंबाळं पिणार हे. मला आधी चव घेऊ दे. भर."

त्याने पेला भरला. तिने हात पुढे केला, तेव्हा त्याने पेल्यावर तळवा ठेवला.

"ताई, आज नको."

"का?"

"औषध पडलेलं नाही त्यात. पंप बंद आहे."

साहेब खिडकीकडे वळले. मागे कुजबूज सुरू झाली. ताईने नजरेनेच ती थांबवली.

"ठाऊक असून प्यायलास?"

"हो."

"आणि याआधी? दर खेपेला आम्हाला पिऊन दाखवत होतास, तेव्हा?"

"तेव्हा चालू होता. तुझी शपथ, ताई."

तिने सही न करताच कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. पिशवी खांद्याला लावली.

"बरं," ती म्हणाली. रोज संध्याकाळपर्यंत नक्की येतो म्हणणाऱ्या टँकरवाल्याला म्हणावे, तसे.