पाहुणीला ताप आला त्या दिवशी

टेकडी कोसळून शाळेच्या मागच्या दोन वर्गांवर आली, त्याला दहा महिने झाले होते. सहावीतली अकरा मुलं गेली. त्यांत एका बस ड्रायव्हरची एकुलती एक मुलगी होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी दिवसभर फिरायची, म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिची आई शिवणकाम करायची. शाळेचे निम्मे गणवेश तिच्याच मशीनवर शिवलेले असत. त्या दिवसानंतर तिने गणवेशाच्या कापडाला हात लावला नव्हता. पडदे, पिशव्या, मिळेल ते शिवत बसायची आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलायची.

एके दिवशी शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. गेलेल्या मुलांच्या नावाने नव्या इमारतीत वाचनकोपरा होणार होता. लांबच्या एका शाळेने त्यासाठी पुस्तकं जमवली होती. ती घेऊन तिथल्या दहा मुली दहा दिवस इथल्या घरांमध्ये राहणार होत्या, पुढे इथली मुलं तिकडे जाणार होती.

"मुलांना टेकून बसायला उशा लागतील," मोठ्या बाई चाचरत म्हणाल्या. "आणि जमलं तर... एक मुलगी ठेवून घ्याल का?"

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं. "घर खायला उठतं हो," तो म्हणाला. "येऊ दे एखादी."

ती खाली मान घालून म्हणाली, "येऊ दे."

पाहुणी बारा वर्षांची, चष्मा लावणारी, तोंडाने फटकळ. पहिल्याच जेवणाला म्हणाली, "मावशी, आमच्या बाईंनी सांगितलंय, लोकांच्या घरी रडायचं नाही आणि मागून खायचं नाही. रडणार नाही मी. पण भाजी अजून आहे का?"

बायको हसली. दहा महिन्यांत पहिल्यांदा. ड्रायव्हर घास हातात धरून बघतच राहिला.

चार दिवस बरे गेले. भिंगरीची आई पाहुणीच्या वेण्या घालायची, दप्तर भरायची, दुपारी तिला शेजारी बसवून उशांचे अभ्रे शिवायची. पाचव्या दिवशी वाचनकोपऱ्याचं उद्‌घाटन होतं. ड्रायव्हर सकाळीच उशा घेऊन शाळेत गेला. पाहुणी मात्र कॉटवरच बसून होती.

"मावशी, डोकं दुखतंय माझं."

आईच्या हातातला कंगवा थांबला. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला. अंग कोमट लागत होतं.

"आज जायचं नाही तू."

"एवढं नाही दुखत. मला अकरा नावं वाचायची आहेत. पाठ केलीत मी."

"नाही म्हटलं ना."

आईने दाराला आतून कडी घातली, वर कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून दाराला पाठ लावून बसली. पोरीला आधी गंमत वाटली. मग शाळेची घंटा झाली तशी रडायला लागली. फोन तीनदा वाजला, आईने उचलला नाही.

थोड्या वेळाने ड्रायव्हर धापा टाकत आला. त्याने दारावर थापा मारल्या.

"दार उघड. सगळे खोळंबलेत तिकडे."

"तिला बरं नाही."

"अगं, लोकाची पोर आहे ती. असं कोंडतात का?"

"लोकाची आहे म्हणूनच. मी तिला पाठवणार नाही."

पाहुणीने डोळे पुसले. ती हळूच म्हणाली, "मावशी, माझं काही चुकलं का?"

त्या प्रश्नाने आई बोलती झाली.

"तुझं नाही गं. तिचंही डोकं दुखत होतं. आई, आज नको, म्हणाली. मी म्हटलं, नाटकं पुरे, गणिताचा पेपर आला की बरं दुखतं तुझं डोकं. दंडाला धरून बाहेर काढली मी तिला. रडत गेली. कपाळाला हातसुद्धा लावून बघितला नाही मी."

दारावरच्या थापा थांबल्या होत्या.

आईने उठून कुलूप काढलं. ड्रायव्हर उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

"तू म्हणाली होतीस, हसत गेली."

"हो."

"गाडीत भेटेल त्याला तेच सांगत आलो मी. हसत गेली म्हणून. तेवढ्यावर दिवस काढले."

त्याने पाहुणीचं सामान उचललं आणि तिचा हात धरून निघून गेला.

उद्‌घाटन तासभर उशिरा झालं. रडून पाहुणीचा आवाज बसला होता, म्हणून नावं दुसऱ्याच मुलीने वाचली. मुलींबरोबर आलेल्या त्यांच्या शाळेच्या बाई इतक्या संतापल्या, की सगळ्या मुलींना त्याच दिवशी परत न्यायला निघाल्या होत्या. मोठ्या बाईंनी हातापाया पडून त्यांना थांबवलं आणि पाहुणीला स्वतःच्या घरी नेलं. ताप साधाच निघाला, दोन दिवसांत उतरला. ड्रायव्हर डेपोतच झोपायला लागला. आई दिवसभर दार उघडं टाकून बसायची. चूल पेटवायचंही तिला सुचत नव्हतं.

निघायच्या दिवशी पाहुणी मोठ्या बाईंबरोबर आली. दारातच उभी राहिली.

"मावशी, मला खरंच ताप होता. तुम्हालाच कळलं ते."

पाहुणीने चष्मा सावरला.

"भिंगरीचं नाव वाचायचं राहिलं माझं. इथे वाचू?"

"नको," आई म्हणाली. "जा बाळा. गाडी चुकेल."

पोर गेली. आईला वाटलं होतं, निदान आता तरी रडू येईल. तेही आलं नाही.

संध्याकाळी ड्रायव्हर कपडे न्यायला आला. पिशवी भरून झाली, तरी तो जाईना. भिंतीला टेकून खाली बसला.

"आणखी काय सांगितलं नाहीस?"

"एवढंच."

"सगळं सांग. उठल्यापासून."

तिने सांगितलं. भिंगरी किती वाजता उठली, काय खाल्लं, काय खायचं टाकलं, कुठला मोजा सापडत नव्हता. दंडाला धरल्याचं आलं तेव्हा त्याने तोंड ओंजळीत झाकलं.

"पुढे?" तो तसाच म्हणाला.

"पुढे तिचं अंथरूण आवरलं. चादरीची घडी घालत होते, तेवढ्यात तो आवाज झाला."

तो उठला नाही, जवळही सरकला नाही. डेपोतून आलेला फोन त्याच्या खिशात वाजत राहिला.