नंदाचं वय

दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा केला आणि यामिनीला विचारलं, "किती वर्षांची म्हणालात?"

"आठ. एप्रिलमध्ये नऊ होईल."

डॉक्टरांनी मागच्या चार दाढांवर पेन टेकवलं. या दाढा साधारण बाराव्या वर्षी येतात, ते म्हणाले. एखादी लवकर येते, पण चारही आलेल्या आणि दुधाचा एकही दात शिल्लक नाही, असं आठ वर्षांच्या मुलात त्यांनी पाहिलं नव्हतं. सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. नंदा खुर्चीत आडवी पडून छताकडे बघत होती. पाच महिन्यांत तिला किती इंग्रजी कळायला लागलंय, याचा यामिनीला नेमका अंदाज नव्हता.

नंदा ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या एका बालगृहातून अमेरिकेत, रेडमंडला आली होती. मूल दत्तक मिळावं म्हणून यामिनी आणि देवांग साडेतीन वर्षं थांबले होते. मुंबईच्या विमानतळावर पोचायच्या आधीच, टॅक्सीत, तिनं यामिनीला "आई" म्हणायला सुरुवात केली. इतक्या सहज, की यामिनीला आनंद व्हायच्या आधी चमत्कारिकच वाटलं. मुलगी अंगानं लहानखुरी होती, पण शाळेतल्या मुलांच्या बुटाच्या नाड्या बांधून द्यायची, पोळ्या गोल लाटायची, तीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हणायची. वर्गशिक्षिका कौतुकानं म्हणाल्या होत्या की, माझ्या तिसरीच्या वर्गात आता दोन टीचर आहेत. संस्थेत वाढलेली मुलं लवकर शहाणी होतात, असं सोशल वर्करनं सांगितलं होतं. यामिनीनं ते मान्य करून टाकलं होतं.

संध्याकाळी देवांग ऑफिसमधून आल्यावर तिनं त्याला दाढांचं सांगितलं.

"एका एक्स-रेवरून काय कळतंय यार," तो म्हणाला. मग जॅकेट हातात तसंच धरून उभा राहिला. "म्हणजे बारा?"

"ते तसं म्हणाले नाहीत. पण तसंच म्हणाले."

"मग सहा वर्षांत ती कॉलेजला जाणार."

यामिनीनंही गाडीत हाच हिशोब केला होता. हातात दहा वर्षं आहेत असं ती धरून चालली होती. त्यातली चार कुणीतरी मधूनच काढून घेतल्यासारखं तिला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असताना, तिनं बालगृहाच्या अधीक्षक ताईंना फोन लावला. ताई सावधपणे बोलल्या. पोरगी स्टँडवर सापडली होती, बरोबर कागद नव्हते, डॉक्टरांनी बघून अंदाजानं जन्मतारीख लिहिली, तीच पुढे चालली. मग त्यांनी विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का मॅडम? मुलगी परत पाठवायचं वगैरे म्हणताय का?"

फोन स्पीकरवर होता. यामिनीनं घाईनं "नाही, नाही" म्हटलं आणि मागे वळून पाहिलं. नंदा दारात दप्तर घेऊन उभी होती.

त्या दिवसापासून नंदा बदलली. ती वेणी घालून घ्यायला यामिनीकडे येऊ लागली. जेवताना "मला भरव" म्हणू लागली. देवांगला म्हणाली, "बाबा, मला उचलून घ्या ना," आणि त्यानं उचललं, तेव्हा दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. आठवड्यानं शाळेतून ईमेल आली की नंदाला अचानक सातचा पाढा येईनासा झालाय, घरी काही घडलंय का?

"रिग्रेशन असेल," देवांग म्हणाला. त्यानं दोन लेख वाचले होते. "चांगलं लक्षण असतं म्हणे. बाळपण राहून गेलं असलं की मुलं मागे जातात."

"ती मागे जात नाहीये. ती आठ वर्षांची होऊन दाखवतेय."

देवांगनं फोनवरचा लेख बंद केला. त्यालाही ते आधीच कळलं असावं.

शनिवारी देवांग ग्रोसरी आणायला गेला होता. यामिनी वर टॉवेल ठेवायला गेली, तर बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि नंदा बेसिनवर वाकून चड्डीवरचा रक्ताचा डाग धूत होती. थंड पाणी, साबण, मूठभर मीठ. सरावलेले हात. कडेला जुन्या टी-शर्टाच्या घडी घातलेल्या पट्ट्या होत्या.

यामिनी टबच्या कडेवर बसली. "कधीपासून?"

नंदानं नळ बंद केला. "तिकडे असल्यापासून. उन्हाळ्यात सुरू झालं."

"मला का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाला काही अर्थ नव्हता, हे विचारतानाच यामिनीला कळलं.

"नंदा, तू किती वर्षांची आहेस?"

"तुम्हाला किती पाहिजे?"

उद्धटपणा नव्हता त्यात. दुकानदारानं विचारावं तसं तिनं विचारलं.

"खरं काय ते सांग. कुणी परत पाठवणार नाही."

नंदानं चड्डी पिळून कडेला ठेवली. मग तुटक तुटक सांगू लागली. आजी वारली तेव्हा ती पहिलीत होती. मग मामाकडे होती, पण किती दिवस ते आठवत नाही. मामा स्टँडवर सोडून गेला. बालगृहात डॉक्टरांनी पाच लिहिलं. "तिथल्या एका मोठ्या पोरीनं सांगितलं, गप्प राहा. तू लई बुटकी आहेस, चालून जाईल. आठच्या वरच्या पोरींना कुणी नेत नाही." ती थांबली. "बहुतेक बारा. मलापण नक्की माहीत नाही."

यामिनीनं तिचे ओले हात टॉवेलात धरले. बोटं कोरडी झाली तरी ती पुसत राहिली.

"बारा असती तर मला आणलं असतं का?" नंदानं विचारलं.

दत्तकाच्या फॉर्मवर त्यांनी पाच ते आठच्या चौकटीत खूण केली होती. आणखी तीन चौकटी होत्या, त्या रिकाम्या ठेवल्या होत्या. फॉर्म भरला त्या संध्याकाळी दोघं किती वेळ त्यावर बोलले होते, तेही यामिनीला आठवलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "बहुतेक नाही."

नंदानं मान हलवली. ती रडली नाही. उलट तिचे खांदे जरा सैल पडले, आणि ते पाहून यामिनीलाच रडू आलं.

देवांग आला तेव्हा दोघी किचनमध्ये होत्या. यामिनीनं त्याला सगळं सांगितलं, नंदाच्या समोरच. तो पिशव्या ओट्यावर ठेवून बाहेर गेला आणि पावसात ड्राइव्हवेवर दोन फेऱ्या मारून आला. आपल्याला फसवलं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. पण कुणी फसवलं, ते नीट सांगता येईना. डॉक्टरांनी, ताईंनी, या एवढ्याशा पोरीनं, की त्या चौकटीनं? आत येऊन त्यानं नंदाला विचारलं, "सातचा पाढा येतो ना तुला?"

"येतो."

"मग सोमवारी टीचरला म्हणून दाखव."

पुढचे महिने वकील, हाडांचा एक्स-रे आणि अर्ज यांत गेले. हाडांच्या डॉक्टरांनी साडेअकरा ते साडेबारा असं लिहून दिलं. मे महिन्यात कोर्टात जज बाईंनी नंदाला जवळ बोलावलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, वाढदिवस कोणता हवा? नंदानं तारीख तीच ठेवली. साल तीन वर्षं मागे गेलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. सप्टेंबरपासून ती सहावीत, दुसऱ्या शाळेत जाणार होती. तिसरीतल्या मैत्रिणी सुटणार म्हणून ती सकाळपासून फुरंगटली होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मग मधली तीन वर्षं कुठे गेली?"

देवांगनं कोर्टाचे कागद फाइलमध्ये घातले. "भूक लागलीय का?" तो म्हणाला.

कोर्टाजवळच्या डायनरमध्ये वेट्रेसनं नंदाकडे बघून विचारलं, किड्स मेन्यू आणू का? यामिनी आणि देवांग एकमेकांकडे बघत राहिले. वेट्रेसच्या काखेत त्या मेन्यूचा कागद होता. नंदानं मान तिरकी करून वरची ओळ एकेक अक्षर लावत वाचली.

"बारापर्यंत चालतं," ती म्हणाली. "द्या."

तिनं पॅनकेक मागवले आणि निम्मे ठेवले. यामिनीला तिचा हात हातात घ्यावासा वाटला, पण बारा वर्षांच्या मुलीला ते आवडतं का, हे तिला माहीत नव्हतं. तिनं नंदालाच विचारलं. नंदानं जरा विचार केला आणि म्हणाली, "इथे नको. गाडीत."