दाराआडचा आवाज

"कोण? जरा मोठ्यानं बोला हो!" प्रोफेसर हॉरेस टिलरी दुसऱ्या कानात बोट घालून फोनमध्ये ओरडले. बंद दारापलीकडे अलाबामातल्या ओक लँडिंग या काळ्यांच्या कॉलेजचं अख्खं कॉयर, म्हणजे गायकवृंद, गळे तापवत होतं. अशा वेळी त्या खोलीत देवाचा फोन आला असता तरी ऐकू आला नसता.

"मी ऑझेला! वर्नीताची मावशी, मिसिसिपीहून. दवाखान्यातनं बोलतेय. आई शुद्धीवर आलीय, प्रोफेसर! डोळे उघडल्यापासून एकच धोशा लावलाय, पोरीशी बोलू दे, पोरीशी बोलू दे. डॉक्टर म्हणतात आता फार वेळ नाही. दोन मिनिटं द्या हो तिला फोनवर."

वर्नीता दारापलीकडेच होती. नुसतं दार ढकलून हाक मारायचा अवकाश. टिलरींचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेलासुद्धा, आणि तिथंच थबकला.

अकरा वाजता पाहुणे यायचे होते. न्यूयॉर्कच्या एका संस्थेची माणसं. ओक लँडिंगला विज्ञानाची नवी इमारत द्यायची की नाही, ते आजच्या भेटीवर ठरणार होतं. अहवाल, आकडे, भाषणं सगळं कॉलेजचे प्रेसिडेंटसाहेब बघणार होते, पण खरी मदार होती कॉयरवर. आणि कॉयरची मदार वर्नीता हॉस्किन्सवर. गुलामीच्या काळातलं ते जुनं गाणं एकट्या गळ्यानं सुरू व्हायचं, पेटी नाही, पियानो नाही. तो एक आवाज सभागृहात नीट उभा राहिला, तरच बाकीचे पन्नासजण त्याच्या मागून जायचे. आता आजीशी बोलली की पोरगी रडणार. रडलेला गळा दुपारपर्यंत कामाचा नाही. टिलरींनी हा सगळा हिशेब एका श्वासात केला.

"ती... ती इथं नाहीये," ते म्हणाले.

"नाहीये? मग हे गातंय कोण? आवाज तर..."

"दुसऱ्या मुली आहेत. वर्नीता वसतिगृहावर असेल. कार्यक्रम झाला, की मीच तिला फोन करायला लावतो. अगदी नक्की." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

तीस वर्षं या कॉलेजात शिकवत होते टिलरी, आणि खोटारडे म्हणून त्यांची ख्याती मुळीच नव्हती. कापसाच्या शेतावर राबणाऱ्याचा मुलगा. अंगातल्या एका सदऱ्यावर ओक लँडिंगच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. फी नाही म्हटल्यावर कॉलेजानं त्याला हाकललं नाही, धुलाईघरात कामाला लावलं आणि संध्याकाळी सूर शिकवले. त्या काळी गोऱ्यांच्या विद्यापीठात याच्यासारख्याला झाडू मारायलासुद्धा मागच्या दारानं जावं लागे. इथं मात्र पहिल्याच दिवशी त्याला कुणीतरी "मिस्टर टिलरी" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा! ते ऋण माणूस विसरेल कसा?

त्या माळावरची पहिली इमारत गुलामीतून सुटलेल्यांच्या पोरांनी स्वतः भाजलेल्या विटांची होती, आणि बाकीच्या सगळ्या कॉयरच्या गळ्यावर उभ्या राहिल्या होत्या. गावोगाव, चर्चोचर्च गात हिंडायचं आणि त्यातून छप्पर घालायचं, ही इथली रीतच. त्या छपरांखालून काय माणसं बाहेर पडली होती! अर्ध्या अलाबामाच्या काळ्या शाळांचे मास्तर इथले. जिल्ह्यातला पहिला काळा डॉक्टर इथला. माँटगोमेरीच्या कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेली बाईसुद्धा इथलीच, आणि कॉयरमध्ये ती बेसूर गायची हे टिलरी कौतुकानं सगळ्यांना सांगत.

आता गोऱ्यांची विद्यापीठं काळ्यांनाही खुली झाली होती. चांगली चांगली मुलं तिकडे चालली होती. ओक लँडिंगची प्रयोगशाळा मात्र तशीच, पाऊस आला की सूक्ष्मदर्शकांवर छत्र्या धरायच्या. वर्नीतालाही सरकारी विद्यापीठाचं बोलावणं होतं. पण तिच्या पर्लआजीनं पाय आपटला होता, "तिथं तू नुसता नंबर होशील. जिथं तुझं नाव घेऊन रागावतील तिथं जा." वर्नीताला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे नवी इमारत तिच्याचसाठी तर होती, टिलरींनी स्वतःला समजावलं. दोन तासांचा तर प्रश्न. इतकं काय!

पण सरावाच्या खोलीत शिरताना त्यांची नजर कॉयरमधल्या मार्व्हीन नावाच्या मुलीवर पडली. मार्व्हीनला ते गाणं येत होतं. वर्नीताइतकं नाही, पण येत होतं. टिलरींनी मुद्दाम तिच्याकडे पाठ केली.

"काय सर, चेहरा असा काय झालाय? आम्ही इतकं वाईट गातोय?" वर्नीता हसून म्हणाली.

"तू बोलू नकोस. गळा सांभाळ," ते खेकसले.

पाहुण्यांसमोर वर्नीता गायली मात्र अशी, की विचारू नका. पहिल्या सुरालाच सभागृहात खोकणारी माणसं गप्प झाली. पाहुण्यांमधल्या एका बाईनं चष्मा काढला तो शेवटपर्यंत परत घातलाच नाही. मग पन्नास गळे तिच्या मागून उठले. एरवी या जागी टिलरींना सुख होई. आज त्यांचं लक्ष घड्याळावर होतं.

"झालं, टिलरी! काम झालं!" प्रेसिडेंटसाहेबांनी त्यांना मिठीच मारली. "आत्ताच म्हणाले, इमारत देणार!"

टिलरी मिठी सोडवून वर्नीताकडे निघाले. पण तिच्याभोवती पाहुण्यांचा गराडा, फोटो, हातात हात. एवढ्यात ऑफिसमधली कारकून बाई धावत आली आणि त्यांच्या कानाला लागली. वर्नीताची आजी गेली होती, पाहुणे टाळ्या वाजवत होते त्याच सुमाराला.

टिलरींनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. मग पुढं काय करायचं ते टिलरींना एकच सुचलं. त्यांनी कॉलेजची गाडी काढली आणि स्वतः तिला घेऊन निघाले.

वाटेत बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सर, सकाळी कुणाचा फोन नव्हता ना आला?"

सांगायची हीच वेळ होती. रस्ता मोकळा होता, गाडीत तिसरं कुणी नव्हतं.

"नाही," टिलरी म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना स्वतःचीच किळस आली.

सूर्य कलायला ते मिसिसिपीच्या डेल्टात, आजीच्या घरी पोचले. घर माणसांनी भरलं होतं. तळलेल्या कोंबडीचा वास, पदार्थांची झाकलेली भांडी, अंगणात टोपी हातात धरून उभे असलेले पुरुष. ऑझेला दारातच होती. वर्नीता तिच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "मावशी, मला फोन का नाही गं केलास? मी बोलले असते ना तिच्याशी!"

ऑझेलानं भाचीच्या खांद्यावरून टिलरींकडे पाहिलं. नीट पाहिलं. टिलरींनी मान खाली घातली.

"लागलाच नाही गं, बाळा," ती म्हणाली. "खूप केला, पण लागला नाही."

पोरगी आत गेल्यावर ऑझेलानं त्यांना खुणेनं ओसरीच्या टोकाला नेलं. हातात झाडू नव्हता म्हणून, नाहीतर या बाईनं आपल्याला मारलं असतं, असं त्यांना वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी आणि आई एकाच फोनला कान लावून होतो," ती हळू आवाजात म्हणाली. "पाळण्यापासून वाढवलेल्या पोरीचा आवाज आहे तो, प्रोफेसर. दाराआडून काय, नदीपलीकडून ओळखला असता तिनं. तुम्ही नाहीये म्हणालात आणि फोन ठेवलात. पण तिनं नाही ठेवला. म्हणाली, 'थांब, गाणं संपलं की येईल.' घट्ट धरून पडून राहिली. शेवटी नर्सनं हातातनं काढून घेतला."

"मी सांगतो तिला," टिलरी म्हणाले. "आत्ता जाऊन सांगतो. मला हे..."

"खबरदार!" ऑझेलाचा आवाज चाबकासारखा आला. "सांगून तुम्ही मोकळे व्हाल. तिचं काय? उद्या सकाळी ती तुमचं कॉलेज सोडेल, ओळखते मी तिला, आजीवरच गेलीय. जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली आमच्या आईनं, ही तुमच्याकडे शिकावी म्हणून. अन् तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी ते मोडू देऊ? तिला डॉक्टर करायचं, आणि यातलं अवाक्षर तिला कळू द्यायचं नाही. हे तुमच्याजवळ ठेवायचं. मरेपर्यंत."

टिलरींनी होकारार्थी मान हलवली. दुसरं काही करण्यासारखं त्यांच्या हातात नव्हतं.

"चला आत. जेवून जा," ती म्हणाली आणि पुढे झाली.

आत वर्नीतानं डोळे पुसले आणि बसलेल्यांना म्हणाली, "हे आमचे प्रोफेसर टिलरी. आज एवढे पाहुणे होते कॉलेजात, सगळं तिथंच टाकून मला घेऊन आले."

बसलेले सगळे उठून उभे राहिले. कोपऱ्यातल्या एकुलत्या आरामखुर्चीत पर्लआजीचा थोरला भाऊ बसला होता. काठीवर जोर देत तोही उठला, ती खुर्ची स्वतःच्या हातानं ओढून टिलरींसमोर आणली, आणि बसण्याची जागा बाहीनं पुसली.

"बसा, प्रोफेसर. आमच्या पोरीला सांभाळलंत, फार उपकार झाले."

"नको, नको. तुम्ही बसा," टिलरी म्हणाले.

म्हातारा काही बसेना. सगळे उभेच. वर्नीता त्यांच्याकडे बघत होती.

शेवटी टिलरी बसले.