चौरंगावर लावलेला कौल

मी चौरंग. काशीत दूधविनायकच्या गल्लीत सुमंतरावांच्या घरी राहतो. पूजेच्या वेळी सगळे माझ्याकडे पाहून हात जोडतात. खरं तर ते माझ्यावर बसलेल्या देवाला जोडतात. नमस्कारात आपलाही वाटा आहे असं मी समजत नाही. पण आज थोडं बोलायचं आहे.

माझा जन्म पलीकडच्या तीरावरचा, रामनगरचा. शिसवाचं लाकूड, नक्षी बेताची. सुतार गिऱ्हाइकाला म्हणाला, "बहनजी, नाती-पोते तक चलेगा." गिऱ्हाईक म्हणजे नवी नवरी शरदिनीबाई. आम्ही नावेतून आलो. ऊन फार होतं. सुमंतरावांनी छत्री माझ्यावर धरली, कारण माझं पॉलिश ताजं होतं. शरदिनीबाई उन्हातच बसल्या, आणि ही गोष्ट त्या अजून सांगतात.

शरदिनीबाई व्रतवैकल्यांच्या. सोमवार, संकष्टी, हरतालिका, मार्गशीर्षातले गुरुवार. मला रिकामे दिवस कमीच मिळतात. शुक्रवारी त्या संकठा घाटावर देवीच्या दर्शनाला जातात, आणि घरीही संकठामातेची काळ्या दगडाची छोटी मूर्ती आहे. या घराचे पूर्वज कोकणातले. कोकणातलं आता दोनच गोष्टींत उरलंय, आमटीतलं कोकम आणि कौल. कौल म्हणजे असं, की मूर्तीला स्नान घालायचं, दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारून हात जोडून बसायचं. देवीच्या उजवीकडचं फूल आधी पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही.

घर बदलावं का? उजवं पडलं. सुमंतरावांनी बँकेतली बढती घ्यावी का? उजवं. या घराला देवीनं कधी नाही म्हटलंच नाही. शरदिनीबाई याला कृपा म्हणायच्या.

त्यांची एकुलती मुलगी इरावती. तिला सगळे इरा म्हणतात. पूजा आटोपली की मी तिचा. मांडी घालून बसायची, माझ्यावर वही ठेवायची आणि भिंतीकडे बघत राहायची. कॉलेजात तिनं भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा घरच्यांना बरं वाटलं. सुमंतरावांनी लगेच बंद पडलेला पंखा दाखवला. इरानं तो उघडला आणि तिला शॉक बसला. शेवटी मिस्त्री बोलवावा लागला.

"भौतिकशास्त्र म्हणजे काय शिकतेस मग?" सुमंतराव म्हणाले.

"बाबा, मला त्यातलं गणित आवडतं."

"मग गणितच घ्यायचंस ना."

"नुसतं गणित नको. जगाबद्दल असलेलं गणित हवं."

सुमंतरावांनी पेपर वर घेतला. त्यांना विचार करायचा असला की ते पेपर वर घेतात.

प्रयोगशाळेत इराचा हात कच्चाच राहिला. तिथले सर म्हणायचे, "तुम छूती हो और मशीन रूठ जाती है." पण माझ्यावर वही ठेवून ती बसली की चहा गार व्हायचा, दुसरा यायचा, तोही गार व्हायचा. एकदा तिनं पानभर लिहिलं, सगळं खोडलं आणि हसली.

"खोडलंस ना? मग हसतेस कशाला?" शरदिनीबाईंनी विचारलं.

"चूक कुठे होती ते सापडलं, आई."

शरदिनीबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

एम.एस्सी. संपताना तिला दोन बोलावणी आली. एक चेन्नईच्या संशोधनसंस्थेचं. तिथे पाच-सहा वर्षं कागद-पेन्सिलीचं भौतिकशास्त्र करायचं, वर विद्यावेतन. दुसरं नोएडाच्या कंपनीचं. लोक काय विकत घेतील हे आकड्यांवरून आधीच सांगायचं, पगार सुमंतरावांच्या पगाराच्या जवळपास. दोघांनाही सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"दोन्हीकडे गणितच आहे ना? मग पगारवालं कर," सुमंतराव म्हणाले. "ते संशोधन झाल्यावर पुढे काय?"

"पुढचं माहीत नाही, बाबा."

यावर कोणता बाप काय बोलणार. इराला चेन्नईला जायचं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या संस्थेच्या लोकांचे लेख ती माझ्यावर पसरून वाचायची, आणि आईची चाहूल लागली की घडी घालायची. पण तोंडानं म्हणाली नाही. मागितलं आणि जमलं नाही तर, अशी तिला धास्ती होती.

रविवारी सकाळी शरदिनीबाईंनी मला धुतलं, देवीला माझ्यावर बसवलं, दोन कण्हेरीची फुलं लावली. शेजारच्या अंबिकामावशी प्रसादाची वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. शरदिनीबाईंनी हात जोडले. "आई, इरानं नोएडाची नोकरी धरावी ना?"

"आई, ऐक ना," इरा म्हणाली. "फूल उजवंच पडणार."

"असं बोलू नये. देवी ठरवते."

"चौरंग देवीच्या उजवीकडे कललाय. माझं पेन नेहमी तिकडेच घरंगळतं. तू रोज याची डावी बाजू उचलतेस आणि उजव्या दोन पायांवर ओढत नेतेस. ते पाय झिजलेत. इतकी वर्षं हो म्हणतोय तो हा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवाला सोडून फक्त माझ्याकडे पाहण्याची ही पहिलीच वेळ.

शरदिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "चौरंग कललाय हे देवीला माहीत नसेल का?"

उत्तर अंबिकामावशींनी दिलं. "तो सवाल पलट दीजिए, भाभीजी! पूछिए कि बिटिया चेन्नई जाए? हाँ तो हाँ ही आएगी. बात खतम."

एवढं सोपं होतं. फुलं तशीच होती, मी तसाच होतो, नुसता प्रश्न बदलायचा. इरानं माझ्याकडे पाहिलं, मग देवीकडे.

"नको, मावशी. मग ते चौरंगाचं उत्तर होईल."

"म्हणजे तुला चेन्नईला जायचंय?" शरदिनीबाईंनी विचारलं.

इरानं उदबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून माझ्या उजव्या पायांखाली सरकवला, काठोकाठ पाण्याची वाटी माझ्यावर ठेवून पाहिली, पुठ्ठ्याची घडी बदलली, पुन्हा पाहिली. मग वाटी काढून म्हणाली, "आता विचार."

शरदिनीबाईंनी फुलं पुन्हा ओली करून लावली आणि तोच प्रश्न विचारला.

फुलं पडली नाहीत. कुकर झाला. अंबिकामावशी आत येऊन बसल्या. गल्लीतून एक लग्नाचा बँड येऊन गेला, तरी नाही. फुलं सुकू लागली आणि सुकता सुकता जास्तच घट्ट बसली. सुमंतराव पेपरमागून म्हणाले, "पंखा जरा वाढवू का?" तिघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत पेपरमागे गेले.

शेवटी शरदिनीबाईंनी जोडलेले हात सोडले. "देवी बोलत नाहीये. मग जिला बोलता येतं तिनं बोलावं. बोल, इरा."

"मला चेन्नईला जायचंय," इरा म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता. "जमेलच असं नाही. तिथे माझ्यापेक्षा हुशार पुष्कळ असतील. पण मला तेच करून बघायचंय."

सुमंतरावांनी पेपर खाली ठेवला. "आणि नाही जमलं तर?"

"तर घरी येऊन सांगीन, नाही जमलं. मग नोकरी शोधीन. गणित येणाऱ्याला नोकरी मिळते, बाबा."

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही पगार सांगितलात. आईनं देवीला विचारलं. मला कुणी विचारलंच नाही."

मग शरदिनीबाईंनी दोन्ही फुलं स्वतःच्या हातानं उतरवली आणि इराच्या ओंजळीत ठेवली. सुमंतराव म्हणाले, "चेन्नईत पोळ्या मिळतात का, ते विचारून घे." या घरात परवानगी अशीच देतात.

आता इरा चेन्नईत आहे. सुतारानं माझे डावे पाय तासून चारही सारखे केलेत, त्यामुळे मी थोडा बुटका झालोय. कौलही हल्ली सरळ येत नाहीत. कधी डावं पडतं, कधी काहीच पडत नाही. शरदिनीबाईंना आता बसून विचार करावा लागतो. तुमच्याही घरी चौरंग असेल. देवाला जरूर विचारा, माझी हरकत नाही. फक्त आधी जिच्याबद्दल विचारताय, तिला जवळ बसवून विचारा.

काल इराचा फोन आला. शरदिनीबाई माझ्यासमोर वाती वळत होत्या.

"आई, एक गणित अडलंय. महिना झाला, सुटतच नाही."

"अगं बाई. मग?"

"मग काही नाही. खूप मजा येतेय."

फोन ठेवून शरदिनीबाई देवीकडे वळल्या. हात जोडले, डोळे मिटले. "आई, तिचं गणित..." म्हणाल्या आणि थांबल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "घाई नाही तिला."

आणि त्यांनी दिवा लावला.